माझ्या वाट्याचं ऊन

संक्रांतीनंतरच्या सोमवारी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ऊन पडलं, ते मला वगळून. खुर्चीच्या दांड्यांवर होतं, पायाशी काढून ठेवलेल्या चपलांवर होतं, पेपरावर तर इतकं होतं की डोळे दिपले. मधला मी तेवढा कोरडा राहिलो. सावली पडायलाही ऊन लागतं, त्यामुळे तीही नव्हती.

अकोल्यात ऊन कमी पडल्याची तक्रार आजवर कोणी केलेली नाही. कुठे करायची, हेही कोणाला ठाऊक नाही. म्हणून मी डॉ. तिडक्यांकडे गेलो. त्यांनीच मागे सोसायटीत शिबिर घेऊन सगळ्यांचं रक्त तपासलं होतं. रांगा दोन होत्या, शुगरवाल्यांची आणि बिनशुगरवाल्यांची. माझी बायको सुलभा पहिल्या रांगेत, मी दुसऱ्या. व्हिटॅमिन डी मात्र दोन्ही रांगांत सारखंच कमी निघालं.

"तुम्हाला शुगर नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"मग डी कमी असायचं काही कारण नाही."

"पण कमी आहे."

"कारण सापडलं की या. तोवर उन्हात बसा, नाहीतर हाडं मऊ होतील."

"ऊन माझ्यावर पडत नाही. गोळ्या देता?"

"गोळ्या शुगरवाल्यांतच संपल्या. सकाळचं कोवळं घ्या," ते म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्याच आठवड्यात जेवताना माझा डावा हात टेबलाच्या कडेवरून ओल्या टॉवेलासारखा खाली ओघळला. सुलभाने तो उचलून ताटाशेजारी नीट ठेवला आणि वरण वाढलं. ती हल्ली फार टवटवीत दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याआधी गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीमागे उभा राहिलो. फिरून आलेले शुगरवाले गोल करून बसले होते. सुलभाने माझ्या रिकाम्या खुर्चीसमोर जुनी चादर अंथरली, वाळवणाला अंथरते तशी. चादरीवर ऊन आलं, साचलं. मग तिने चारही टोकं धरून त्याचं गाठोडं बांधलं आणि गावंडेसाहेबांपुढे नेऊन ठेवलं. गावंडेसाहेब पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, वाटपाचा अनुभव दांडगा. त्यांनी वाटीने मोजून ऊन वाटायला घेतलं.

"मला अर्धी वाटी जास्त टाका जी," एक बाई म्हणाल्या, "माझी काल लय वाढली होती."

"शुगर सांगून ऊन नका मागू बाप्पा. इथं सगळ्यांचीच वाढली आहे."

"ते माझं ऊन आहे," मी टाकीमागून म्हणालो.

सगळे वळले. वाटी कोणीच खाली ठेवली नाही.

"तुमचंच आहे," सुलभा म्हणाली. "नाही कोण म्हणतं?"

"मग मला न विचारता?"

"तुम्हाला काय कमी आहे? पंगतीत माझ्या देखत सगळ्यांना सांगता ना, हिला शुगर आहे, मला काही म्हणता काही नाही. आणि माझ्या पानातली जिलबी उचलून खाता. काही नसलेल्या माणसाला ऊन कशाला हवं?"

"माझी हाडं मऊ होताहेत, सुलभा."

"माझी झाली होती तेव्हा मी बोलले का काही?"

गावंडेसाहेब मध्ये पडले. "भाऊ, भांडता काऊन? आमच्यात या ना तुम्ही. आम्ही काय नाही म्हणून राहिलो? शुगर घेऊन या, वाटी घेऊन या."

मी मनावर घेतलं. नाश्त्याला श्रीखंड, दुपारी जिलबी, रात्री पेढे. बिल्डिंगमध्ये उरलेला तिळगूळ घरोघर जाऊन गोळा केला. लॅबमधली मुलगी म्हणाली, "एकदम छान आहे, काका." तो रिपोर्ट मी गच्चीवर नेला. गावंडेसाहेबांनी तो माझ्याच उन्हात धरून वाचला आणि हळहळत परत दिला.

"नॉर्मल माणसाचं आम्ही काय करावं जी?"

फेब्रुवारीत माझं उभं राहणं गेलं, मार्चमध्ये बसणं. एप्रिलच्या एका सकाळी सुलभाने मला काखेत घेऊन गच्चीवर नेलं आणि माझ्या जागेवर अंथरलं. "सपाट पडलात की जास्त ऊन लागेल," ती म्हणाली. पोटावरच्या, मानेवरच्या सुरकुत्या तिने तळहाताने एकेक करून काढल्या. इतक्या मायेने तिने मला बऱ्याच वर्षांत हात लावला नव्हता. मी विश्वास ठेवला. ऊन माझ्या कडेपर्यंत यायचं आणि थांबायचं.

मग मे लागला. सकाळी सातलाच गच्ची भाजायला लागली. शुगरवाले डोक्यावर ओले रुमाल टाकून यायचे आणि वाटीचं नावही काढायचे नाहीत. सगळ्या गच्चीत काळोखी जागा एकच होती, माझ्या मापाची. माझ्या मापात आता हाडांची अडचण नव्हती, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी चांगलीच पसरली होती.

"सुलभा," मी म्हणालो, "मला खाली घरात ने."

ती वाकली. तिने माझ्या छातीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"अगं बाई," ती म्हणाली, "किती गार आहे इथं!"

तिने चपला बाहेर काढल्या आणि आपल्या खुर्चीचे चारही पाय माझ्यात रोवले. मग बसून, पदराने मान पुसत तिने जिन्याकडे हाक मारली, "या जी, या. सगळे मावतील."