आठ वाजताची लहर

ॲरिझोनाच्या वाळवंटात मोटारघरांत राहणाऱ्या आमच्या तळावर त्या सकाळी व्हर्डीनच्या मोटारघराभोवती चाळीसेक माणसं टोप्या काढून उभी होती. शेजारी जनरेटर धडधडत होता, पण घरात वीज नव्हती. सलग तिसरी सकाळ.

आदले दोन दिवस तळावरच्या मंत्रवाल्या ब्रदर ओरिननं जनरेटरवर शाल पांघरली, घरातलं सगळं बंद करायला लावलं, शालीखाली हात घालून मंत्र पुटपुटला आणि दिवे लागले. आज गर्दी मोठी होती.

"जमिनीतली काळी लहर आज हट्टी आहे. पलीकडच्या तळावरची मंडळी येऊ देत. सामूहिक ऊर्जा लागेल. तासभर धीर धरा," ओरिन म्हणाला.

आत व्हर्डीनचा नवरा हार्लन ऑक्सिजनच्या बंद यंत्राजवळ बसला होता. जोडीच्या सिलिंडरचा काटा लाल रेषेवर आला होता.

"तासभर पुरेल का गं, लोइस?" व्हर्डीननं मला विचारलं. मी तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आहे.

"दहा मिनिटंही नाही."

मी पुढे होऊन शाल ओढली.

"हात लावाल तर त्याचा जीव जाईल," ओरिन म्हणाला.

"तुमच्या तासाभरात जाईल. बाजूला व्हा."

व्हर्डीनला हीटर, मायक्रोवेव्ह आणि कॉफीचं यंत्र बंद करायला सांगितलं. जनरेटरच्या अंगावरची, भार वाढला की आपोआप पडून वीज तोडणारी कळ वर केली. आत ऑक्सिजनचं यंत्र घुमू लागलं.

"योगायोग," कुणीतरी म्हणालं.

"माझ्या मोटारघरावर करून दाखव," म्हातारा कर्टिस म्हणाला. "मला अजून कॉफी मिळालेली नाही."

त्याच्या जनरेटरवर हीटर, मायक्रोवेव्ह, कॉफीचं यंत्र अशी तिन्ही एकदम लावली. दोन-तीन मिनिटांत वीज गेली. इंजिन मात्र चालूच. तिन्ही बंद करून व्हर्डीननं स्वतः कळ वर केली. दिवे लागले.

तळावर आठच्या आधी जनरेटर लावायची मनाई आहे. रात्रभर गारठलेले आम्ही आठ वाजले की सगळं एकदम सुरू करतो. भार झेपत नाही, कळ पडते. ओरिनच्या 'लहरी'चं घड्याळ ते हेच, आणि शालीखाली तो हीच कळ वर करायचा.

"श्रद्धेनं कुणाचं काय बिघडतं?" एकजण पुटपुटला.

"हार्लनचे ओठ अजून निळे आहेत," व्हर्डीन म्हणाली. "आत येऊन बघ."

तो आत गेला नाही.

वीज गेली तर आधी भार कमी करा, मग कळ पाहा. तरीही नाही आली तर कारागीर बोलवा. आणि ज्याला कारण विचारलेलं खपत नाही, त्याच्या हाती आजारी माणूस देऊ नका.