अर्ध्यांच्या हाती वल्हं

नावाडी मंडळाच्या कचेरीत पंखा बंद होता आणि अध्यक्ष देवराव तापले होते. काळडोह गावाला दवाखाना आणि मोठी शाळा नदीपलीकडे. नावेवाचून गत्यंतर नाही. जुना नावाडी गुडघे धरून घरी बसलेला आणि त्याच्या जागेवर येतो म्हणणारी एकटी मयुरी. पोरगी पट्टीची पोहणारी, पुरात डोंगा काढणारी. पण पडली अर्ध्यांची!

अर्धे म्हणजे कोण, हे सिरोंच्याच्या त्या अंगाला कोणी विचारत नाही. तुम्हाला सांगायला हवं. गावाखालच्या डोहात अमर लोक राहतात. मागे कधी त्यांच्यातल्या काहींनी गावातल्या माणसांशी संसार थाटले. त्यांची लेकरं ते अर्धे. म्हातारपण त्यांना सावकाश येतं, मरण त्याहून सावकाश. एखादं लेकरू मात्र सगळं माणसांवर जातं, चारचौघांसारखं पिकतं आणि मरतं. डोहातले म्हणतात, तुम्ही मरता, तेव्हा आमचे नाही. गावातले म्हणतात, तुम्ही वेळेवर मरत नाही, तेव्हा आमचेही नाही. जगावं कसं, सांगा!

"आपला नेम तुले ठाऊक हाये, पोरी," देवराव म्हणाले. "वल्हं घ्यायच्या आधी मसणवटीची माती हातात धरून घरच्या मेलेल्यायची नावं घ्या लागते. ज्यानं आपलं मानूस गमावलं, तोच दुसऱ्याचा जीव जपते. तुमच्या घरी मेलं कोन? ज्याले मरणाचं भेव नाई, त्याले जिवाची काय कदर? म्हनून अर्ध्यायले वल्हं देत नाई."

ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! आपल्याकडचे पुष्कळ अन्याय असेच शहाणपणाची टोपी घालून हिंडतात.

मागे, चपलांपाशी, मयुरीची आजी बायनाबाई बसली होती. वयानं दीडशेच्या पुढची, दिसायला चाळिशीची. वयाचा मान धरला तर पहिली खुर्ची तिची. पण अर्ध्यांनी मागं बसायचं, अशी रीत. ती उठून उभी राहिली.

"देवराव, घरची नावं वडीलधाऱ्यानं घ्याची असते ना? उद्या सकाळी मी घेईन घाटावर. नावं नाई निघाली तं माही नात वल्ह्याले हात लावनार नाई."

देवरावांनी मान डोलावली. आयती ब्याद टळते आहे, असंच त्यांना वाटलं.

सकाळी सारा गाव घाटावर. पोरांनी मोबाइल उगारलेले, बायांनी तोंडाला पदर लावलेले. बायनाबाईनं मूठभर माती घेतली आणि एकेका नावाला चिमूट चिमूट नदीत सोडू लागली. आधी नवरा. मग लेक, दुसरी लेक, सुना. मग नातवंडं, आणि त्यातल्या एकाचं नावच नव्हतं, कारण बारशाआधीच गेलं होतं. प्रत्येक नावापाशी ती थांबायची. कोणाला ताप आला होता, कोणाला साप डसला होता, कोण तिच्याच मांडीवर म्हातारा होऊन गेला होता.

पोरांनी मोबाइल खाली घेतले. ज्यांना मरण उशिरा येतं, त्यांना आपली माणसं जास्त पोचवावी लागतात, ही साधी गोष्ट इतक्या पिढ्यांत कोणाच्या डोक्यात आली नव्हती. देवरावांनाही ती आता उमगली. पण अध्यक्षपण मोठं वाईट.

"झाली नावं?" त्यांनी विचारलं.

बायनाबाईच्या हातात शेवटची चिमूट होती. "एक राह्यलं. ते मी घेत नाई. घेतलं तं तुह्या घरचं वल्हं जाईन."

"लपवू नका, बाई. सगळ्यायसमोर घ्या."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "वारलू," ती म्हणाली. "माहा थोरला."

वारलू म्हणजे देवरावांचे पणजोबा. या घाटाचा पहिला नावाडी; वल्ह्याचा मान तेव्हापासून याच घराण्याकडे. त्याला आईबाप नव्हते, असंच घरात सांगत आले होते.

"पुरावा काय?" मंडळाचा लालसू पुढं आला. "अध्यक्ष, खोटं हाये म्हना आन संपवा."

एका शब्दाचं काम होतं. तो शब्द उच्चारला की अध्यक्षपद, वल्हं, चार पिढ्यांची इज्जत, सगळं जागच्या जागी राहणार होतं. देवरावांनी डोक्यावरून हात फिरवला. पासष्टी उलटली तरी एक केस पांढरा नव्हता. वडिलांचंही तसंच होतं. सगळा गुण माक्याच्या तेलाचा म्हणून घरात सांगत. तेल तर गावातली सगळीच माणसं लावत होती.

"बाई, तुमाले मी चपलांपाशी बसवलं. तुमी बोलल्या काऊन नाई?"

"तो मानसांवर गेला होता. मले आई म्हटलं असतं, तं त्याच्या हातचं वल्हं गेलं असतं. म्हनून मीच त्याले नाई म्हनाले शिकवलं. पोरगा हातचा गेला, पन त्याच्या लेकरायले नदी राह्यली."

देवरावांचे डोळे भरून आले. ते त्यांनी पुसलेही नाहीत. पुढं होऊन त्यांनी तिच्या हातातली चिमूट घेतली, मोठ्यानं वारलूचं नाव घेतलं आणि माती पाण्यात सोडली. मग वल्हं उचलून मयुरीच्या हाती दिलं आणि गावाकडे वळले.

"मीबी अर्ध्यांचा हावो. नेमानं माहंबी वल्हं गेलं. घ्या काढून."

"आन मंग आमाले पार कोन नेईन?" गर्दीतून सोमारी म्हातारी कडाडली. "तुह्या घरच्या लेकी गावात घरोघरी देल्या हायेत. माह्या तिन्ही नाती तुह्याच पुतनीच्या! काढा म्हना सगळ्यायले गावाबाहेर. मांगं कोन राह्यते पाहू!"

आधी एक हसला, मग सगळा घाट हसू लागला. लालसूनं मनातल्या मनात आपल्या आजीचं माहेर आठवलं आणि तोही मुकाट्यानं मागं सरकला. नेम तिथंच बुडाला, त्याला काढायला कोणी उडी मारली नाही.

देवराव बायनाबाईच्या पाया पडले. सुरकुतलेल्या चेहऱ्याचा माणूस चाळिशीच्या बाईला "आजी" म्हणतो आहे, हे पाहून पोरांची हसून पुरेवाट झाली. बायनाबाई नावेत अगदी पुढं बसली. मयुरीनं वल्हं मारलं. भर प्रवाहात नाव सरळ निघाली आणि काठावर टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला!

मंडळी, कोण अर्धा, कोण पुरा, याचा निवाडा करायला आपण मोठ्या हौसेनं बसतो. बसण्याआधी आपल्याच घरातलं कोणतं नाव घ्यायचं राहिलं आहे, एवढं विचारून घ्या. आणि कोणी चपलांपाशी बसलेलं दिसलं, तर त्याला पुढं बोलवा. कदाचित ती आपलीच आजी असेल. नसली, तरी जागा तिची पुढचीच आहे.