फोडलेलं पाकीट

गौरकार सरांनी पाकिटाच्या झाकणावर लाख वितळवली, तिच्यावर कॉलेजचा पितळी शिक्का दाबला आणि फुंकर मारून पाकीट दीपिकाच्या हातात ठेवलं.

"मस्त लिवलं तुह्याबद्दल," ते म्हणाले. "आता फक्त फोडू नको. फुटलं का फारम बाद."

दीपिका हिचामीला ते माहीत होतं. पुण्याच्या त्या निवासी कॉलेजच्या माहितीपत्रकातली सातवी अट तिला तोंडपाठ होती. प्राचार्यांचा गोपनीय अभिप्राय बंद पाकिटात हवा. उघडलेलं पाकीट स्वीकारलं जाणार नाही. ते कॉलेज अर्थशास्त्राला साऱ्या राज्यातून फक्त चाळीस मुलं घेई. अर्ज २५ जून २००३ पर्यंत पोचायला हवा होता आणि आज चौदा तारीख होती, शनिवार. बारावीला तिला गणितात शंभरपैकी एक्क्याण्णव होते. तालुक्याच्या त्या ज्युनिअर कॉलेजात गौरकार सर प्राचार्य झाल्यापासून एवढे कोणालाच पडले नव्हते. सगळे दाखले तयार होते, वडिलांची सही तेवढी राहिली होती. ती घेऊन सोमवारी पहिल्या गाडीनं परत यायचं आणि अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवायचा, असं तिनं ठरवलं होतं.

सहीसाठी ती कोहकाटोल्याला गेली आणि तिथंच अडकली.

बंद कागद गावाबाहेर जाऊ द्यायचा नाही, अशी कोहकाटोल्याची रीत होती. रीत जुनी नव्हती, एकवीस वर्षांपूर्वीची होती. जंगलखात्याच्या तेव्हाच्या नाकेदारानं दीपिकाच्या आज्याला, पोचूला, एक चिकटवलेलं पाकीट दिलं आणि बावीस किलोमीटरवरच्या रेंज ऑफिसात नेऊन दे म्हणाला. घामानं भिजू नये म्हणून पोचूनं ते पळसाच्या पानात गुंडाळून नेलं. आत लिहिलं होतं की कागद आणणाऱ्यानं सागवान तोडलं आहे, त्याला अडकवून ठेवा. पोचू अकरा दिवस कोंडलेला होता. सुटून आला तेव्हा त्याचा डावा कान कामातून गेला होता. तेव्हापासून गावात येणारा आणि गावातून जाणारा प्रत्येक बंद कागद गोटूलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागेत, सगळ्यांसमोर, फोडून वाचला जाई. पाचवीत गेल्यापासून, सुट्टीत घरी आली की, ते कागद वाचण्याचं काम दीपिकाच करत होती.

त्यामुळे रविवारी सकाळी वडिलांनी, इसरूनं, पाकीट उचलून गोटूलाकडे चालायला सुरुवात केली तेव्हा ती त्यांच्या आडवी आली.

"बाबा, हा तसला कागद नाई. सरांनी माह्यासाठीच देल्ला आहे."

"माह्या बापालेही तसंच सांगतलं होतं."

गोटूलात तीस-चाळीस माणसं जमली होती. गावाचा म्हातारा पुढारी जंगू खांबाला टेकून बसला होता. दीपिकाची आई नीलाबाई पाकीट उलटंसुलटं करून म्हणाली, "लाख तं आपल्याच कुसुमाच्या झाडाची दिसते व. आपल्याकडूनच नेते अन् आपलंच तोंड बंद करते." लोक हसले. दीपिकाला हसू आलं नाही.

"फोडलं तर माह्यं वर्ष जाईन, आजा," ती जंगूला म्हणाली. "वर्ष काय, कॉलेजच जाईन."

"बाई, रीत तुह्यासाठी एक अन् दुसऱ्यासाठी एक कशी ठेवाची? मागच्या साली दादाजीच्या दवाखान्याचा कागद तूच फोडला ना?"

इसरूनं कोयत्याचं टोक झाकणाखाली घातलं. लाख तडकली आणि जमिनीवर तिचे लाल तुकडे पडले.

"तुम्ही माणसं आहा का कोण आहा!" दीपिका ओरडली. वडिलांवर ती आयुष्यात पहिल्यांदा ओरडली. इसरूनं मान वर केली नाही. कागद उघडून तो बराच वेळ बघत राहिला आणि मग तिच्यापुढे धरला. कागद इंग्रजीत होता. त्या गोटूलात इंग्रजी वाचणारी ती एकटीच होती.

तिनं आधी मनात वाचला. अकराच ओळी होत्या.

विद्यार्थिनी आज्ञाधारक असून स्वच्छ राहते. तिचे गुण चांगले असले तरी ते पाठांतराचे असावेत. या समाजाची मुलं शहरात टिकत नाहीत, वसतिगृहातून पळून येतात, असा माझा अनुभव आहे. आपली मोलाची जागा वाया जाऊ नये असं वाटतं. तिच्यासाठी अंगणवाडीचं प्रशिक्षण अधिक योग्य ठरेल.

खाली सही होती. 'मस्त लिवलं' म्हणणाऱ्या माणसाचीच.

"काय म्हणते?" जंगूनं विचारलं.

काहीही सांगता आलं असतं, कोणाला कळलं नसतं. तिनं ओळ न् ओळ गोंडीत सांगितली. एक शब्दही गाळला नाही.

मागून सोनीबाई म्हणाली, "गणित पाठ कसं करते व? दरवेळी आकडे बदलत नाई का?"

"अन् पळून येशीन म्हणते?" दुसरा कोणी तरी म्हणाला. "हे सात साल आश्रमशाळेत राह्यली. पळाला तं तिथचा मास्तर पळाला होता!"

या वेळी कोणी हसलं नाही. इसरू लाखेचे तुकडे एकेक करून वेचत होता. दीपिका त्याच्याशी बोलली नाही, पण तिच्या रागानं आता दिशा बदलली होती. पाकीट तसंच गेलं असतं तर तिनं स्वतःच्या हातांनी, भिजू नये म्हणून जपत, हा कागद पुण्याला पाठवला असता. आज्यानं नेला होता तसाच.

सोमवारी वडिलांची सही झालेला अर्ज घेऊन ती प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभी होती. फोडलेलं पाकीट पाहून गौरकार सरांचा चेहरा लाल झाला.

"गोपनीय कागद फोडते? गुन्हा आहे हा, समजलं?"

"सर, मी पाठ करून पास झाली का?"

"हे पाह्य दीपिका, मी तुमच्या सगळ्या पोराईसाठी हेच लिवतो. तुमच्याच भल्यासाठी. तिथी जाऊन रडत बसाल, मंग?"

"सगळ्याईसाठी?"

"दहा साल झाले, एकाचीही तक्रार नाई."

"त्याईचे पाकिटं बंद होते ना, सर."

सरांनी टेबलावरची घंटी दाबून शिपायाला बोलावलं. "दुसरा अभिप्राय भेटणार नाई. फारम तं बादच झाला तुहा. जा आता."

दहा वर्षांत किती मुलं याच टेबलासमोरून हसत, धन्यवाद म्हणत गेली असतील, ते मोजत ती पोस्टात पोचली. बाकड्यावर बसून तिनं कागद काढला आणि अर्जाला जोडायचं पत्र लिहिलं. पाकीट आम्ही फोडलं आहे. आमच्या गावात बंद कागद फोडूनच पुढं पाठवतात. का, ते खाली लिहिते आहे. पोचूची गोष्ट तिनं सहा ओळींत लिहिली. शेवटी लिहिलं : प्राचार्यांचा अभिप्राय जसाच्या तसा सोबत आहे, त्यातला एकही शब्द मी लपवलेला नाही. माझे गुण पाठांतराचे आहेत की नाहीत, ते तुम्ही मला समोर बसवून तपासा. तिनं कुठंही विनंती केली नाही. 'कृपया' हा शब्द एकदा आला होता, तोही तिनं खोडला.

८ जुलैला मुलाखतीचं पत्र आलं. ते गोटूलातच फोडलं आणि या वेळी तिनं स्वतः कोयता मागून घेतला. पुण्यात तिघा जणांनी तिला फळ्यासमोर उभं करून पन्नास मिनिटं गणितं घातली. पाकिटाचा विषय फक्त शेवटी निघाला. अध्यक्षबाईंनी विचारलं, "वडिलांचा राग आला होता?"

"आला होता. त्यांची माफी मागायची राहिली आहे."

"आणि सरांचा?"

"अजून आहे," ती म्हणाली. "तो जाणार नाही."

बाईंनी कागदावर काही तरी लिहिलं. चाळीस जणांच्या यादीत तिचं नाव सदतिसावं होतं.

कॉलेज सोडल्याचा दाखला घ्यायला ती इसरूला घेऊन गेली. गौरकार सरांनी बसायला सांगितलं नाही. दाखला घालून ठेवलेलं पाकीट त्यांनी टेबलावरून सरकवलं. ते चिकटवलेलं होतं.

"घरी जाऊन पाह्य," ते म्हणाले.

दीपिकानं पाकीट तिथंच, त्यांच्या डोळ्यांसमोर टर्रकन फाडलं आणि दाखला वरच्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, विषय वाचले. बाहेरच्या ओसरीवर रांगेत उभी असलेली पोरं दारापाशी येऊन ऐकू लागली. वर्तणुकीच्या रकान्याशी ती थांबली. तिथं 'समाधानकारक' लिहिलं होतं.

"हे खोडा, सर," ती म्हणाली. "दोन सालांत एक दिवस गैरहजर नाई मी. 'उत्तम' लिवा."

"बाहेर हो."

इसरूनं दारातली खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसला. त्या केबिनमध्ये तो पहिल्यांदाच बसत होता.

"लिवा, भाऊ," तो म्हणाला. "आमची गाडी साडेपाचची आहे. तवरीक आमी इथीच आहो."