सातव्यानंतर

सायकलच्या दांडीवरची, अंगठ्याखालची ती चिमुकली पट्टी, घामानं निसरडी झालेली — फेर्मिननं दाबली, खट्, सातवा गिअर. जडाकडून मोजत आलं की सगळ्यांत हलका, आणि शेवटचा. यापुढं काही नाही. आणि अर्रातेच्या चढाचं ते मेलं वळण तर अजून समोर छाती काढून उभं... पुढं गेलेला साबिन मान वळवून ओरडला, "काय सरकार, कॉफी खालीच पाठवू का?"

हसू दे लेकाला. घरून निघतानाच फेर्मिननं कुणाला न सांगता ठरवून टाकलं होतं — आज या वळणावर पाय टेकला की सायकल विकायची, रविवारची ही टोळी सोडायची, आणि चौकातल्या बाकावर म्हाताऱ्यांत जाऊन बसायचं. गेल्या रविवारी टेकला होता; साखळी उतरली, अशी थाप मारली होती. मागं मोठं दातेरी चाक बसवून घे, चढ हलका जाईल, असं साबिनच सांगत होता. पण ती आजाऱ्यांची सोय, असं फेर्मिननंच एकदा सगळ्यांसमोर म्हटलेलं, आता कुठल्या तोंडानं...

मांड्या पेटल्या. आणि अंगठा — त्याला कितीही समजावा, ऐकत नाही — पुन्हा पट्टीवर गेला. जे नाहीच ते मागायला. वर्षानुवर्षं या वळणावर तो असाच दाबत आलाय, पट्टी तिथंच अडते हे माहीत असून. भिकाऱ्यासारखा, पण गुपचूप.

खट्.

पाय एकदम सैल पडले. जिना चढताना मागून कुणी कमरेला हात द्यावा तसं... आठवा? हा आठवा कुठून आला?

इत्सियार! त्याची बायको, बंदुकांच्या कारखान्यात कानस चालवण्यात उभा जन्म गेला तिचा. सायकल धुणं तिच्याकडे, हा मागच्या चाकाकडे ढुंकूनही बघत नाही. परवा जेवताना तिनं विचारलं होतं —

"काय रे, शेवटचा गिअर पडल्यावरही तू दाबत राहतोस?"

"छे! वेड लागलंय का मला?"

"नाही, त्या पट्टीच्या खटक्याची आतली कड झिजलीये. चकाकतीये नुसती."

"जुनी झालीये, झिजणारच."

"बरं बाबा," म्हणत तिनं त्याच्या ताटात आणखी एक मासा वाढला होता.

म्हणजे खटका उघडून, आतल्या नाण्याएवढ्या चकतीत हिनं आणखी एक खाच घासली. मागं एक जास्तीचं, मोठं दातेरी चाक दाटीवाटीनं बसवलं. आणि खाच तरी कशी — त्यानं मुद्दाम पुन्हा सातवा टाकला, पुन्हा आठवा — लोण्यासारखी, आधीच्या सातांहून सरस! वा गं पठ्ठे! बाई आहे की कोण! धापा टाकता टाकता त्याला हसू फुटलं, आणि पाठोपाठ लाजही वाटली, कारण जे त्यानं स्वतःलासुद्धा कधी कबूल केलं नव्हतं ते हिनं लोखंडावर वाचलं होतं, आणि वर ब्र काढला नव्हता.

वळण मागं पडलं. "आज काय खाऊन आलास रे?" साबिन विचारत होता. फेर्मिनला ते नीट ऐकूही आलं नाही. सायकल विकायची की ठेवायची, हे डोक्यातून कधीच निघून गेलं होतं आणि तिथं भलतंच येऊन बसलं होतं — बुटांचे तळवे, सदऱ्यांच्या कॉलरी, उशीची खोळ... माझं आणखी काय काय वाचून ठेवलंय हिनं? आणि मी? इतकी वर्षं कानस धरलेला तो हात रोज समोर ताट ठेवतो; त्याच्या कुठल्या बोटाला घट्टा आहे, सांग बघू... तर्जनीला? की अंगठ्याच्या मुळाशी?... पाय हलके फिरत होते, आणि काही केल्या त्याला ते सांगता येईना.