डाव्या सीटवरचे डॉक्टर

मित्रांनो, मी एक जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. दोनच माणसे बसतील एवढी जागा, लांबलचक बॉनेट, तारांच्या आऱ्यांची चाके आणि गडद हिरवा रंग. एका जागी उभे राहणे माझ्या स्वभावात नाही. नुसते उभे केले की मला कसेसेच होते. नळीत पेट्रोल सुकते, टायर बुडाशी चपटे होतात आणि समोरून जाणाऱ्या साध्या सायकलचासुद्धा हेवा वाटू लागतो.

इंग्लंडातल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. लाकडी साच्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे ठेवून कारागीर ते हातोडीने ठोकून वळवत. माझे उजवे मडगार्ड एका कारागिराने घडवले, डावे दुसऱ्याने. म्हणून डावे किंचित अधिक फुगीर आहे. मग जहाजाने समुद्र ओलांडून मी या शहरात आले. माझे पहिले मालक देश सोडून निघाले, तेव्हा त्यांनी मला एका तरुण डॉक्टरांच्या हवाली केले. हे डोळ्यांचे डॉक्टर. त्यांची नजर माझ्यावर पडली आणि ती काही हललीच नाही.

किती छान दिवस होते ते! डॉक्टर उजवीकडे स्टीअरिंगवर, त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, डावीकडे, आणि दोघांच्या मधोमध माझा गिअरचा आखूड दांडा. बाई गाणे शिकवत. घाटात मी घुमू लागले की त्या माझ्या आवाजात आवाज मिसळून आलाप घेत.

दर रविवारी जुन्या गाड्यांचे वेड असलेली मंडळी जमत. त्यांतले दोघे डॉक्टरांचे जिवलग मित्र. एक इमारतींचे आराखडे काढणारे. ते प्रत्येक गोष्ट मोजून पाहत, म्हणून त्यांना सगळे 'फूटपट्टी' म्हणत. दुसरे निवृत्त इंजिनिअर. त्यांच्या खिशात कायम एखादा पाना असे, म्हणून ते 'पाना'. माझ्यावरून या दोघांचे दर वेळी वाजे.

"ही रेघ बघ," फूटपट्टी माझ्या दिव्यापासून मागच्या चाकापर्यंत हवेत बोट फिरवत. "एका दमात काढलीय. हल्लीच्या गाड्या म्हणजे साबणाच्या वड्या!"

"रेघ चाटून गाडी चालत नाही," पाना म्हणत. "उन्हाळ्यात तापते ती. आणि दोन्ही मडगार्ड सारखी नाहीत, हे तुझ्या वारशाच्या गप्पांत बसतं का?"

"अरे, चूक नाही ती! माणसाच्या हाताची खूण आहे."

"चुकांना असली नावं द्यायला तूच पाहिजेस."

मला दोघेही आवडत. भांडायला का होईना, ते माझ्याजवळ येत.

मग माझे नशीब फिरले, आणि तेही कौतुकाने. एका मोठ्या प्रदर्शनात मला मूळ रूप जपल्याबद्दल पहिले बक्षीस मिळाले. झाले! त्या दिवसापासून डॉक्टर मला जपू लागले. पावसात नको, धुळीत नको, घाटात तर नकोच. माझ्यावर मऊ कापडाची खोळ आली. डॉक्टर ती काढत, मला पुसत, पुन्हा घालत. इंजिन सुरू होई, पण चाके जागची हलत नसत.

"नवरीसारखी नटवून कोंडून ठेवलीय नुसती," बाई एकदा म्हणाल्या.

"ओरखडा पडला तर तो पत्रा मिळणार आहे का कुठे?" डॉक्टर म्हणाले. बाई आत निघून गेल्या. माझा मात्र आतल्या आत जीव तळमळत राहिला.

अशी वर्षे गेली आणि एके सकाळी डॉक्टरांना अर्धांगाचा झटका आला. जिवावरचे दुखणे टळले, पण डावा हात आणि डावा पाय यांत जोर उरला नाही. डाव्या पायाने क्लच दाबायचा, डाव्या हाताने गिअर टाकायचा. म्हणजे माझे नि त्यांचे नाते एका झटक्यात तुटले. ते व्यायाम करीनात, कुणाशी बोलेनात. काठी टेकत गॅरेजपर्यंत येत, मला खोळीवरूनच थोपटत आणि परत जात.

दोघे मित्र आले. पाना म्हणाले, "आपण हिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवू. खालचा पत्रा थोडा कापावा लागेल, पण तू चालवशील तरी."

"हिला करवत लावणार?" फूटपट्टी ताडकन उठले. "त्यापेक्षा संग्रहालयात देऊ. काचेत सुखरूप राहील."

करवत की काच? माझ्या टाकीतले असेल-नसेल ते पेट्रोल थरारले. डॉक्टर कधी याच्याकडे पाहत होते, कधी त्याच्याकडे.

तेवढ्यात बाई चहा ठेवून म्हणाल्या, "आणि मीच ही चालवायला शिकले तर?"

तिघांनीही वळून त्यांच्याकडे पाहिले.

"अगं, तुझ्या रोजच्या गाडीसारखी नाही ही," डॉक्टर म्हणाले. "पहिला गिअर हट्टी आहे हिचा. पूर्ण थांबल्याशिवाय पडतच नाही."

"हट्टी माणसाबरोबर जन्म काढलाय मी," बाई म्हणाल्या.

बंद पडलेल्या एका गोदामाच्या आवारात शिकवणी सुरू झाली. पाना शेजारी बसत आणि फूटपट्टी भिंतीपाशी उभे राहून डोळे मिटून घेत. पहिल्याच दिवशी गिअरांनी अशी करकर केली की झाडावरचे कावळे उडाले. मी झटके खाल्ले, बंद पडले, पुन्हा सुरू झाले. दुखत होते, पण खरे सांगू, मित्रांनो? ते दुखणेही मला हवेसे वाटत होते. हळूहळू बाई कान देऊ लागल्या. इंजिनाचा सूर उतरला की गिअर बदलायचा, हे त्यांना उमगले. सपाटीवर मी त्यांच्या हातात छान धावू लागले.

एका सकाळी त्यांनी डॉक्टरांना हाताला धरून आणले आणि माझ्या डाव्या सीटवर बसवले. त्या सीटवर ते आयुष्यात पहिल्यांदाच बसत होते. निघाल्यापासून त्यांचा उजवा पाय तिथे नसलेलाच ब्रेक दाबत होता.

"हळू! अगं, हळू!"

"गप्प बसा हो जरा."

शहर मागे पडले आणि घाट लागला. एका अवघड वळणावर बाईंना गिअर सापडेना. दोन्ही हात स्टीअरिंगला घट्ट चिकटलेले. मी मागे घसरू लागले आणि मागच्या ट्रकने भोंगा वाजवला. माझे मागचे मडगार्ड कठड्यावर खर्रकन घासले.

"ब्रेक दाब. पूर्ण थांब," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "आता क्लच."

बाईंनी क्लच दाबला. आणि डॉक्टरांनी आपला धडधाकट उजवा हात पुढे करून दांडा सरळ पहिल्या गिअरमध्ये टाकला. डाव्या सीटवरून तो दांडा नेमका उजव्या हाताशी येतो, हे एवढ्या वर्षांत कुणालाच सुचले नव्हते!

"सोड हळूहळू. दे पेट्रोल."

मी वर चढले. पुढच्या वळणाआधी बाई नुसत्या "हं" म्हणाल्या. क्लच दबला आणि डॉक्टरांचा हात फिरला. हं, दुसरा. हं, तिसरा. माथ्यावर पोचेपर्यंत दोघे मिळून एक ड्रायव्हर झाले होते. तिथे उतरून डॉक्टरांनी माझा ओरखडा पाहिला. त्यावरून बोट फिरवले. मला वाटले, आता पुन्हा खोळ! पण ते एवढेच म्हणाले, "खाली उतरताना दुसऱ्यातच ठेवू या."

फूटपट्टींना तो ओरखडा दिसला तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. पाना मात्र हसून म्हणाले, "कापावं लागलं नाही आणि काचेतही ठेवावं लागलं नाही. आता बोल!" त्यावर काय बोलायचे, याबद्दल दोघे अजून भांडत आहेत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, जरूर जपा. पण जपणे म्हणजे कोंडणे नव्हे. तुमच्या घरातली एखादी वस्तू भीतीपोटी कपाटात पडून असेल, तर तिला बाहेर काढा, वापरा. झिजण्याचे दुःख आम्हाला होते. पण कुणाच्या उपयोगीच न पडण्याचे दुःख त्याहून मोठे. आणि घरातली माणसे तरी याहून वेगळी असतात का?

आणखी पुष्कळ सांगायचे होते. पण अंगणात काठीची टकटक ऐकू येते आहे, आणि तिच्यामागून बाईंचे गुणगुणणे. माझे बोलणे अर्धे राहिले तर राहो. दार उघडते आहे. मला निघायला हवे.