उर्फ पुडिंग

आमच्याकडे माणूस मरतो तो डॉक्टरने सांगितल्यावर नाही, रेडिओने सांगितल्यावर. संध्याकाळी बातम्यांच्या आधी एक बाई संथ आवाजात यादी वाचते. अमुक तमुक, राहणार अमुक, वय इतकं, मागे बहीण, भाचे, नातवंडं. सगळा जमैका हातातलं काम ठेवून ऐकतो. नावानंतर ‘उर्फ’ यावंच लागतं. ते नसेल तर मेला कोण हे कळणार कुणाला? इथे माणसाचं खरं नाव दोघांनाच ठाऊक असतं, त्याच्या आईला आणि पोलिसाला.

मी स्केली. तरुणपणी अंगावरची हाडं मोजून घ्यावीत असा होतो, म्हणून सांगाडा, म्हणून स्केली. रॉकफोर्ट एट या बँडचा गिटारवाला. आठ जण होतो म्हणून एट. बासष्ट साली किंग्स्टनच्या पूर्वेला, रॉकफोर्ट वस्तीत, सिमेंटच्या कारखान्याची धूळ खात, एका अंगणात सुरू केलं. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि लोकांना नाचायचं होतं. आम्ही इतक्या जोरात वाजवायचो की शेजारची बाई दोरीवरचे कपडे काढून न्यायची. म्हणायची, तुमच्या ठोक्यानं चिमटे निसटतात. चार वर्षं आमचीच. मग एका उन्हाळ्यात लोकांना संथ गाणी हवीशी झाली आणि आमचं उडत्या चालीचं संगीत, स्का, एकदम म्हाताऱ्यांचं झालं. आम्ही तेव्हा पंचविशीतले! पुढे हॉटेलांत गोऱ्या पाहुण्यांच्या ताटांशेजारी वाजवलं. मग म्हणे इंग्लंडातल्या पोरांना आमच्या जुन्या रेकॉर्डी सापडल्या, आणि पन्नाशीला आलेले आम्ही विमानात बसून जगभर फिरलो. जपानात पोरं आमच्यासारख्या टोप्या घालून रडत होती. काय म्हणावं!

माणसं मात्र गळत गेली. पियानोवाला टोरंटोला लेकीकडे गेला तो तिथलाच झाला. ट्रंपेटवाल्याचे दात पडले, दातांबरोबर ट्रंपेट गेला, आणि ट्रंपेटमागे वर्षभरात तो. असं करत करत खऱ्या आठांतले दोघं उरले, मी आणि पुडिंग. बाकीची नवी भरती. नाव आपलं एटच.

पुडिंग बासवाला. त्याची आई गावाकडे रताळ्याचं पुडिंग विकायची, त्याचं कौतुक तो सारखं सांगायचा, म्हणून तो पुडिंग. माणसाएवढा लाकडी बास मिठीत घेऊन उभा राहायचा. आता स्कामध्ये गिटारवाल्याचं काम ऐकाल तर हसाल. ठोका पडला की त्याच्या मागच्या रिकाम्या जागेत ‘चक्’ करायचं. बस्स. ठोका, चक्. ठोका, चक्. साठ वर्षांत मी एकदाही ठोक्यावर वाजवलेलं नाही. ठोका पुडिंगचा, मधली जागा माझी. माझी बायको होती तेव्हा म्हणायची, ‘तुम्ही घरी येता ते अर्धेच, उरलेलं त्या पुडिंगकडे ठेवून येता.’

जपानच्या विमानतळावरची गंमत सांगतो. साहेब हातात पासपोर्ट धरून कुणाचं तरी लांबलचक नाव पुकारतोय. एकदा, दोनदा, तीनदा. कुणी उठेना. पुडिंग माझ्या कानात म्हणाला, ‘कोण रे हा बहिरा?’ तर तो बहिरा हाच! मॅनेजरने दंड धरून उठवला तेव्हा कळलं. आम्ही इतके हसलो की एकाला उचकी लागली. नाव काय होतं ते त्या हसण्यात कुणीच नीट ऐकलं नाही. मी नंतरही विचारलं नाही. मला काय करायचंय त्याच्या पासपोर्टवरच्या नावाशी?

त्याला मात्र माझं ठाऊक होतं. माझ्या लग्नाच्या वहीत साक्षीदार म्हणून सही त्याचीच. एरवी स्केलीच म्हणायचा, पण रागावला की रेनफर्ड. आईच्या मागे त्या नावाने मला हाक मारणारा तोच एक.

या फेब्रुवारीत आम्ही उत्तर किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात वाजवत होतो. पुडिंगची बोटं सांध्यांत सुजलेली. दोनदा त्याचा ठोका किंचित मागे पडला. त्याचा ठोका मागे पडला की माझं चक् हवेत लटकतं, आणि मला तर आधीच लवकर भडकायची सवय. मी माइकवर म्हणालो, ‘पुडिंग, झोपलास काय? अरे, उठवा कुणीतरी आजोबांना!’ लोक हसले. लोक हसले की मला चेव येतो. पुढच्या गाण्यात तेच पुन्हा म्हणालो.

पुडिंगने कार्यक्रम पुरा केला. बास फडक्याने पुसला, भिंतीला टेकवला. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, ‘बरं, रेनफर्ड.’ आणि गेला.

दर गुरुवारी चार वाजता विंडवर्ड रोडवरच्या हॉलमध्ये आमची तालीम असते. तो आला नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. त्याची घरमालकीण म्हणाली, ‘मिस्टर पी गावी बहिणीकडे गेले,’ आणि एक नंबर दिला. मी नंबर पाकिटात ठेवला. मी का करू फोन? निघून गेला तो. बास तर इथेच ठेवून गेलाय, म्हणजे येणार. मी बासवर चादर घातली आणि त्याच्या खुर्चीवर कुणाला बसू दिलं नाही.

ऑगस्टमध्ये बँडला साठ वर्षं पुरी व्हायची होती. मोठा कार्यक्रम ठरला होता. आमची ट्रंपेटवाली जोडियन शाळेत बाई आहे, तिने एकदा धीर करून विषय काढला.

‘अंकल, बासला दुसरा बघूया का? फक्त तेवढ्यापुरता.’

‘साठ वर्षांचा कार्यक्रम, आणि साठ वर्षांचा मी एकटाच? मग फोटोच लावा ना माझा भिंतीवर, हार घालून!’

‘मग त्यांना एक फोन करा की. सॉरी म्हटल्यानं जीभ झडत नाही.’

‘तू तुझ्या वर्गाला शिकव.’

जीभ झडत नाही हे मलाही कळत होतं. रोज संध्याकाळी पाकिटातून नंबर काढायचो, चष्मा लावून वाचायचो, परत ठेवायचो. मला पुडिंग हवा होता. दुसरं काहीच नको होतं, कार्यक्रमसुद्धा नाही.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी हॉलचा फोन वाजला. मी उठेपर्यंत जोडियनने घेतला. ‘नाही हो, असं कुणी नाही इथे. राँग नंबर.’

‘पुडिंग होता का?’ मी विचारलं.

‘नाही अंकल, कुणी म्हातारी बाई होती. भलत्याच माणसाला विचारत होती.’

मी खाली बसलो.

जूनमध्ये एका संध्याकाळी मी बुला, म्हणजे आमच्याकडचा गोड केक, अ‍ॅव्होकाडोबरोबर खात बसलो होतो. एकट्यापुरतं कोण रांधणार? रेडिओवर यादी चालली होती. बाई म्हणाली, ‘ईथलबर्ट कॉर्नेलियस व्हॅसेल, उर्फ बर्टी.’ मी रेडिओलाच म्हणालो, ‘अबब! एवढं नाव उचलून उचलूनच मेला असेल बिचारा!’ आणि माझ्याच विनोदावर मी असा हसलो की बुला घशात अडकला. पुढचं काही ऐकलंच नाही. हे पुडिंगला सांगायला हवं असं वाटलं. हसू ओसरल्यावर खोलीत इतकं शांत झालं की मी रेडिओ मोठा केला.

दहा-बारा दिवसांनी शेवटी फोन केला. आधी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं, ‘लेका, चुकलं माझं, ये आता.’ तिकडून बाईचा आवाज आला.

‘पुडिंग आहे का?’

‘काय?’

‘पुडिंग, पुडिंग!’

‘इथे काही विकत मिळत नाही. हे घर आहे, आणि सध्या तरी आम्हाला सुखाने बसू द्या.’ फोन ठेवला.

असा संताप आला म्हणून सांगू! म्हणजे साहेबांनी बहिणीला पढवून ठेवलंय, त्या स्केलीचा फोन आला तर ओळख देऊ नकोस. एवढा ताठा? दोन आठवडे मी धुमसत राहिलो. मग एका सकाळी कडू सेरसीचा काढा पिताना लक्षात आलं की धुमसायलाही समोर माणूस लागतो. घरमालकिणीने त्याची कपड्यांची पेटी जिथे पाठवली होती तो पत्ता तिच्याकडून घेतला, गिटार खांद्याला लावली आणि बस धरली. पाया पडून आणीन, नाही आला तर त्याच्या अंगणात वाजवत बसेन. शेजाऱ्यांच्या तक्रारीने तरी येईल.

त्याच्या गावी, सँडी बेला, उतरलो तेव्हा दुपार कलली होती. मासे तळणाऱ्या बाईला विचारलं, ‘पुडिंग कुठे राहतो?’

‘कुठलं पुडिंग? आमच्याकडे मासेच.’

‘अहो, माणूस! उंच, किंग्स्टनहून आलेला, मोठा बास वाजवणारा.’

तिने झारा खाली ठेवला. ‘बर्टीभाऊ? देवा! तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? त्यांना पुरून महिना होईल आता.’

मी म्हणालो, बर्टी नव्हे हो, पुडिंग. दोनदा म्हणालो. आणि मग रेडिओवरच्या त्या बाईचा आवाज माझ्या कानात पुन्हा सगळा वाजला, माझ्या हसण्यासकट.

चर्चमागे त्याच्या बहिणीचं घर. मिस आयोना, चौऱ्याऐंशीची, काठी टेकत दारात आली. मी किंग्स्टनचा, त्याच्या बँडचा, एवढं सांगितल्यावर तिने मला आपादमस्तक पाहिलं.

‘आता आलात होय? चर्चमध्ये दोन बाकं रिकामी ठेवली होती वादकांसाठी. एक माणूस फिरकला नाही. मी म्हटलं, हेच का ते किंग्स्टनचे दोस्त?’

‘मला कळलंच नाही.’

‘रेडिओवर तीन दिवस सांगितलं! उर्फसुद्धा घातलं होतं.’

‘उर्फ बर्टी.’

‘मग? सारा गाव जन्मापासून बर्टीच म्हणतो त्याला.’

‘आम्ही पुडिंग म्हणायचो.’

‘आईच्या पुडिंगवरून?’ तिने हळूच विचारलं. मग तिला फोन आठवला असावा, कारण तिने तोंडावर पदरासारखा रुमाल धरला. ‘अरे देवा, तो तुमचा होता.’

तिने अंत्यविधीची छापील पत्रिका आणली. फोटोत पुडिंग सुटाबुटात, खाली शाळा, चर्च, भाचे. शेवटची ओळ अशी होती: काही काळ किंग्स्टन येथे वाद्य वाजवीत असत.

‘मला बाकी काही ठाऊक नव्हतं हो,’ ती म्हणाली. ‘तो बोलायचा नाही. आजारात मात्र एकच धोशा होता. रेनफर्डला बोलाव. सांग, बोटांना जरा उतार पडला की येतो. मी त्याने दिलेल्या हॉलच्या नंबरवर फोनही केला. रेनफर्ड लिंडो आहेत का विचारलं. एक मुलगी म्हणाली, असं कुणी नाही. बर्टीला म्हटलं, नाही रे कुणी रेनफर्ड तिथे. तो म्हणाला, आहे. तुम्ही ओळखता का त्याला?’

साठ वर्षं मी त्या माणसाचं नाव विचारलं नाही. आणि तो माझं तोंडात धरून गेला.

‘मीच तो,’ मी म्हणालो. आणि तिच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो. तिने मला थांबवलं नाही. पाणी आणून शेजारी ठेवलं.

मग ती मला कबरीकडे घेऊन गेली. ताजं सिमेंट, अजून रंग नव्हता. सिमेंटची धूळ बोटाला लागली. रॉकफोर्टची आठवण झाली. ती म्हणाली, ‘पाद्रीबाबांनी तीन स्तोत्रं म्हटली. त्याचं स्वतःचं काही झालं नाही. वाजवा तुम्ही.’

मी गिटार काढली. आमचं पहिलं गाणं. चक्, चक्, चक्. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, ‘मिस्टर लिंडो, रागावू नका. चुकतंय का काही? मधे काहीतरी नाहीये असं वाटतंय.’

‘चुकत नाही. ठोका त्याचा असायचा.’

तिने काठी कोपराला अडकवून टाळ्या धरल्या, चर्चमध्ये वाजवतात तशा. टाळी नेमकी माझ्याच चक्‌वर पडायला लागली.

‘तिथे नाही, मिस आयोना. मी गप्प असतो ना, तिथे.’

मग तिने टाळ्या सोडल्या आणि काठी धरून रविवारच्या बुटाचा पाय सिमेंटवर आपटला. ठप्. चक्. ठप्. चक्. बाईचं कंबरेचं हाड दुखरं. चार-सहा ठोके बरे पडले, मग पाय जड होऊन मागे राहायला लागला. तिने ओशाळून माझ्याकडे पाहिलं.

या वेळी तिचा पाय खाली येईपर्यंत मी हात तारांच्या वर धरून ठेवला. पाय आला, मग वाजवलं.