माझ्या जागी दुसऱ्याचे आकडे

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. सिंदेवाहीच्या एका कॉलेजच्या गच्चीवर अकरा वर्षे उभे आहे. उन्हामुळे आकाशात फार उंचावर विद्युतकणांचा थर तयार होतो. उपग्रहाचा संदेश त्यातून येताना किंचित रेंगाळतो. तो किती रेंगाळला, यावरून थर किती दाट आहे हे मी सांगते. या थराचा विषुववृत्ताकडचा फुगवटा चैत्रातल्या दुपारी आमच्या डोक्यावर येतो. दूरच्या शहरातल्या संगणकात एक मॉडेल आहे. ते वर न बघताच अंदाज सांगते, आणि दुपारी हमखास कमी सांगते. मला त्याचा भारी राग येई.

आरमोरीच्या दामिनीला संशोधनात हीच चूक दाखवायची होती. ती सकाळी येई, माझे आकडे घेई, ओढणीने माझी धूळ पुसून परत जाई. तेव्हा मी अगदी फुशारून जाई.

यंदा गच्चीवर मोहफुले वाळत घातली आणि त्यांच्यामागे माकडे आली. शिपाई इसरूभाऊ जेवायला उतरताना लोखंडी घमेले माझ्यावर पालथे घालू लागले. फुले गोळा करायला संध्याकाळी आले, की काढत. लोखंडातून संदेश कसा येणार? मी आत तडफडत होते, पण ओरडायला मला तोंड कुठे आहे? दुपारचे रकाने कोरे राहिले.

यंत्र म्हातारे झाले, असे दामिनीच्या साहेबांनी ठरवले. कोऱ्या जागी मॉडेलचेच आकडे भरायला सांगितले. अहवालाची मुदत संपत होती, तिने भरले. मग मॉडेलशी तुलना केली, तर दुपारचे सगळे तंतोतंत जुळले. जुळणारच! मॉडेल उत्तम ठरले आणि मी निकामी.

मला काढायचे म्हणून काल दामिनी पहिल्यांदाच दुपारी आली. घमेले बघून ती जागीच थबकली.

इसरूभाऊ म्हणाले, "माकडं लय मातले, बाई. तुमचं यंत्र फोडतीन म्हून रोज झाकून राह्यलो."

"भाऊ, मले एकदा तरी सांगाचं होतं," ती म्हणाली. मग खाली बसून रडली. "मीच तुमाले नाई विचारलं."

तिने लगेच साहेबांना फोन लावला. अहवाल मंजूर झाला, आता राहू दे, असे उत्तर आले.

मित्रांनो, उद्या मला भंगारात देतील. माझे जाऊ द्या. पण एखादे यंत्र अचानक गप्प झाले, तर त्याच्या जागी दुसऱ्याचे बोलणे लिहू नका. हात जोडता येत नाहीत, तरी विनवते, आधी जिना चढून वर या.